दुसऱ्या अंतऱ्यापासून सुरू करून बघा

गणेशोत्सवातला सातवा दिवस. सांगलीजवळच्या एका गावात आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता आणि मैदान गच्च भरलं होतं. पाचव्या गाण्याला वन्स मोअर आला. आमच्याकडे वन्स मोअरला अख्खं गाणं पुन्हा होत नाही. गायिका मागे वळून बोटानं खूण करते आणि आम्ही शेवटच्या अंतऱ्यापासून गाणं उचलतो. कीबोर्डवाल्या मित्रानं लॅपटॉपवरचा ट्रॅक अंतऱ्याच्या खुणेवर आणून चालू केला, ढोलकी बसली, बास आला आणि अंतऱ्याआधीचा तुकडा मी वाजवायला घेतला, तर माझ्या गिटारला आवाजच नव्हता.

गिटारच्या इफेक्ट प्रोसेसरचे दिवे लागलेले होते, जॅक घट्ट बसलेला होता. मी कोरस दाबला, ड्राइव्ह दाबला, डिले दाबला, काही नाही. साउंडवाल्यानं माझी लाइन बंद पडली असं समजून फेडर पार वर नेला. पुढच्या गाण्याच्या पहिल्याच ठोक्याला आवाज परत आला, तो त्या वर नेलेल्या फेडरमधून. स्टेजसमोर बसलेल्या लहान मुलांनी कानांवर हात ठेवले. ते दृश्य मी विसरलेलो नाही.

रात्री घरी येऊन लॅपटॉप उघडला तेव्हा कारण सापडलं. त्या गाण्याच्या शेवटी गिटार हळूहळू विरत जावी म्हणून प्रोसेसरमधल्या व्हॉल्यूम ब्लॉकला मी ट्रॅकमधून मिडीनं हुकूम देत होतो. किंमत १२७ पासून उतरत शून्यावर यायची. ती पुन्हा १२७ करणारा हुकूम एकाच जागी होता, गाण्याच्या पहिल्या मात्रेवर. आम्ही गाणं मधून सुरू केलं, त्यामुळे तो हुकूम सुटलाच नाही. कोरस आणि ड्राइव्ह चालू-बंद होत होते, पण सगळ्यांच्या पुढे व्हॉल्यूम शून्यावर उभा होता. तोच प्रीसेट पुन्हा लोड केला असता तर आवाज आला असता. त्या गडबडीत ते सुचलं नाही.

१९८३ पासून वापरात असलेली मिडीची भाषा साधी आहे. १६ चॅनेल, प्रोग्रॅम चेंजला १२८ क्रमांक, कंट्रोल चेंजची किंमत ० ते १२७. ‘व्हॉल्यूम शून्य’ असा निरोप एकदा गेला की पुढचा निरोप येईपर्यंत प्रोसेसर तोच पाळतो. ट्रॅक थांबला, गायिकेनं खूण केली, लोक ओरडताहेत, यातलं त्याला काहीही कळत नाही. म्हणून मुखडा, प्रत्येक अंतरा, सोलो, शेवट, जिथून जिथून गाणं उचललं जाऊ शकतं त्या प्रत्येक जागी सगळी स्थिती नव्यानं पाठवावी लागते: कोणता प्रीसेट, कोणता स्नॅपशॉट, व्हॉल्यूम किती, टेम्पो किती. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘चेस’ नावाची सोय असते. मधून सुरू केलं तर ती मागे जाऊन शेवटच्या किमती शोधते आणि पाठवते. ती चालू ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका. कोणते निरोप ती मागे जाऊन शोधते हे सेटिंगवर ठरतं.

निरोपांचा क्रमही महत्त्वाचा. आधी प्रोग्रॅम चेंज, मग थोडी जागा सोडून व्हॉल्यूम. प्रीसेट लोड होताना स्वतःच्या साठवलेल्या किमती घेऊन येतो आणि आधी पाठवलेलं पुसून टाकतो. लोड व्हायलाही क्षणभर लागतो आणि बहुतेक यंत्रांत तेवढा वेळ आवाज तुटतो. म्हणून गाण्याच्या मध्ये प्रीसेट बदलूच नये असं माझं ठाम मत आहे. एका गाण्याला एक प्रीसेट ठेवावा आणि आतले बदल स्नॅपशॉटनं करावेत. लाइन सिक्सच्या हीलिक्समध्ये एका प्रीसेटात ८ स्नॅपशॉट मिळतात आणि कंट्रोल चेंज ६९ नं ते बाहेरून बदलता येतात. एवढ्यात कोणतंही गाणं बसतं.

क्रमांकांचा घोळ मात्र सगळ्यांना एकदा तरी भोवतो. काही यंत्रं ० पासून मोजतात, काही १ पासून. लॅपटॉपवर १२ लिहिलं आणि प्रोसेसरवर शेजारचाच प्रीसेट उघडला तर दुरुस्तीला नेण्याआधी हे तपासा.

चॅनेल वेगळं ठेवा. कीबोर्डचा सस्टेन पेडल कंट्रोल चेंज ६४ पाठवतो आणि हीलिक्समध्ये ६४ म्हणजे टॅप टेम्पो. दोघं एकाच चॅनेलवर असले तर कीबोर्डवाला पेडल दाबत जाईल आणि तुमचा डिले गाणं सोडून भरकटेल.

डिलेचा वेळ ट्रॅककडे सोपवणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ६०,००० ला टेम्पोनं भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. टेम्पो ९६ असेल तर मात्रा ६२५ ची आणि डॉटेड एट्थचा डिले साधारण ४६९ चा. हे कानानं दरवेळी जुळवणं अवघड. मिडी क्लॉक मात्रेला २४ ठोके पाठवून ते आपोआप जुळवतं. पण फर्माइशीची लावणी आली आणि ढोलकी क्लिक सोडून रंगात आली तर क्लॉक बंद करून पायानं टॅप करा. तिथे ढोलकीचंच ऐकायचं.

वाह मात्र मी कधीच ट्रॅकला देत नाही. मींड कुठे वळणार हे बोटांना आयत्या वेळी सुचतं आणि वाह त्या बोटांबरोबर चालला पाहिजे.

एक फूटस्विच कायम मोकळा ठेवा. त्यावर साधा, कोरडा, पूर्ण आवाजाचा सूर ठेवा आणि तो कुठे आहे हे अंधारातही पायाला माहीत हवं. आमच्या साउंडवाल्या दादांशीही ठरलं आहे: गिटार गेली तर फेडर जिथे आहे तिथेच ठेवायचा, आधी माझ्याकडे बघायचं.

तालमीत आपण सगळे गाणी पहिल्या मात्रेपासून वाजवतो. मीही तेच केलं होतं आणि तालमीत सगळं बरोबर आलं होतं. तुमचा पुढचा कार्यक्रम ठरला असेल तर आज तेवढं एक करा: प्रत्येक गाणं शेवटपर्यंत विरू द्या, ट्रॅक थांबवा आणि लगेच दुसऱ्या अंतऱ्यापासून सुरू करा.