सांथींतील आरोग्यशिक्षण व वृद्धजन

आरोग्याचा नियम छापून भिंतीवर लावला म्हणजे तो लोकांस कळला, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु ज्याची दृष्टि मंद झाली आहे, ज्यास ऐकूं कमी येतें व ज्याचें घराबाहेर पडणें बंद झालें आहे, त्यास ती भिंत असून नसल्यासारखीच होय. कोविडच्या सांथींत हें सत्य आपल्या देशास चांगलेंच कळून आलें.

जागतिक आरोग्य संघटनेनें ता. ११ मार्च २०२० रोजीं ह्या रोगाची सांथ जगद्व्यापी असल्याचें जाहीर केलें. रोग सर्वांसच होई. परंतु त्याचा घाला वृद्धांवर अधिक पडे. वयोमानानें शरीराची प्रतिकारशक्ति क्षीण होते. त्यांत मधुमेह किंवा हृद्रोग असला म्हणजे रोग बळावतो. शिवाय वृद्ध मनुष्यास कित्येकदां ताप येतच नाहीं. अन्नावरची वासना उडते, गळाठा येतो, बोलण्यांत भ्रम दिसतो. आणि घरचीं माणसें ‘वय झालें’ म्हणून स्वस्थ बसतात. म्हणून हें शिक्षण वृद्धांप्रमाणेंच त्यांच्या घरच्यांसही द्यावें लागतें.

आरंभीं मोबाइलवर कोणाशीं बोलूं जातां प्रथम खोकल्याचा आवाज व मग हात धुण्याची सूचना ऐकूं येई. सूचना योग्यच होती. पण ज्या आजोबांपाशीं मोबाइलच नाहीं, त्यांच्या कानीं ती कशी पडावी? शब्दांचेंही तसेंच. ‘सामाजिक अंतर राखा’ असें सांगण्यांत आलें. तें ऐकून एकाकी वृद्धास आपणांस समाजानेंच दूर लोटलें असें वाटल्यास नवल नाहीं. मार्च २०२० मध्येंच जागतिक आरोग्य संघटनेनें ‘शारीरिक अंतर’ हा शब्द पसंत केला. कारण शरीरें दूर ठेवावयाचीं होतीं, मनें नव्हेत.

ता. १५ सप्टेंबर २०२० रोजीं महाराष्ट्रांत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. आरोग्यपथकें घरोघर गेलीं. त्यांनीं ताप पाहिला, बोटास लहानसें यंत्र लावून रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण मोजलें, आणि जुन्या दुखण्यांची चौकशी केली. येथें उपदेश स्वतः चालत वृद्धाच्या दारीं आला. सांथीच्या काळांत गांवोगांव हिंडणाऱ्या आशा सेविका ह्या बहुधा त्याच गांवच्या असल्यामुळें त्यांच्या शब्दावर विश्वास बसे. मे २०२२ मध्यें भारतांतील दहा लाखांहून अधिक आशा सेविकांचा जागतिक आरोग्य संघटनेनें गौरव केला, तो यथार्थच होय.

ता. १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील सर्वांस लस मिळूं लागली. ‘लस घ्या’ असें सर्वत्र सांगण्यांत आलें. परंतु जो अंथरुणास खिळला आहे, त्यानें केंद्रापर्यंत जावें कसें? जुलै २०२१ च्या अखेरीस मुंबई महानगरपालिकेनें अशांस घरीं जाऊन लस टोचण्यास आरंभ केला, तेव्हां कोठें तो उपदेश पुरा झाला. जें करणें शक्य नाहीं तें करा म्हणून सांगणें, हें शिक्षण नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, पुढें केव्हां सांथ आलीच, तर आपल्या घरांतील व शेजारच्या वृद्धांपर्यंत नियम पोंचविण्याचें काम तुम्हांस सहज करतां येईल. सूचना मोठ्यानें, सावकाश व घरच्या बोलींत वाचून दाखवा. ‘आजी, काय समजलें तें मला सांगा’ असें आदरानें विचारा. त्यांनीं शंका काढली तर हंसूं नका. त्यांनीं आपल्याहून अधिक दुखणीं व अधिक मरणें पाहिलीं आहेत. त्यांचें नित्याचें औषध संपत आलें आहे काय, हेंही पाहा. आणि भेटीस जाणें शक्य नसेल, तर दारांतून किंवा खिडकींतून दोन शब्द बोला. एकटेपणाचें दुःख कोणत्याही लशीनें जात नाहीं. तें हांकेनेंच जातें.