भाड्याची गाडी घेताय? आधी पाटी बघा!

सेमिस्टर संपली की होस्टेलवर एकच विषय असतो, ट्रिप! माझे गाव सायवन, तालुका डहाणू. चैत्र पौर्णिमा जवळ आली की महालक्ष्मीच्या यात्रेला यायचे बेत रूमवर शिजू लागतात आणि मग कोणीतरी म्हणतेच, "चल, सेल्फ ड्राइव्ह गाडी काढू!" कल्पना झकास आहे. पण त्यामागचा कायदा आणि हिशोब आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतो. म्हणून हा छोटासा अभ्यास.

पाटीचा रंग

खासगी गाडीची पाटी पांढरी आणि अक्षरे काळी. टॅक्सीची पाटी पिवळी, अक्षरे काळी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी मात्र काळी आणि अक्षरे पिवळी असतात. हा धंदा 1989 च्या 'रेंट अ कॅब' योजनेखाली चालतो. त्या योजनेत परवाना मिळवायला मालकाकडे किमान 50 गाड्या असाव्या लागतात.

आता आपल्याकडे काय होते? कोणाच्या तरी ओळखीचा 'दादा' आपली पांढऱ्या पाटीची गाडी दिवसाला अमुक रुपये घेऊन देतो. स्वस्त पडते, कागदपत्रांची कटकट नाही. पण खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले असते की गाडी भाड्याने दिली तर संरक्षण नाही. म्हणजे गाडी ठोकली तर दुरुस्तीचा खर्च विमा कंपनी नाकारू शकते आणि दादा तो आपल्याकडून मागणार! समोरचा कोणी जखमी झाला तर प्रकरण लाखांत जाते. शिवाय परमिटशिवाय अशी गाडी चालवणे आणि चालवू देणे, दोन्ही गुन्हे आहेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 192अ खाली पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड आहे आणि कैदेचीही तरतूद आहे.

वय किती हवे?

"18 झाले, लायसन्स आले, बस्स!" असे आपल्याला वाटते. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 4 वाचा. खासगी गाडीला 18 वर्षे, पण वाहतूक वाहनाला 20 वर्षे. काळ्या पाटीची गाडी 'मोटर कॅब', म्हणजे वाहतूक वाहनच. तेव्हा फर्स्ट इयर, सेकंड इयरवाल्यांनी जरा दम धरावा. काही कंपन्या त्याहून कडक असतात, 21 वर्षे किंवा वर्षभर जुने लायसन्स मागतात. लर्निंग लायसन्सवर गाडी मिळतच नाही.

लायसन्सवर वेगळा शिक्का लागतो का? नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितले की हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतचे वाहतूक वाहन चालवता येते.

हिशोब

समजा भाडे 24 तासांचे 2,400 रुपये, त्यात 240 किमी मोफत आणि पुढे किलोमीटरला 12 रुपये. मुंबईहून जाऊन-येऊन, आसपास फिरून 300 किमी झाले. जास्तीच्या 60 किमीचे 720 रुपये. पेट्रोल 15 च्या ॲव्हरेजने 20 लिटर, 105 च्या भावाने 2,100 रुपये. एकूण 5,220, पाच जणांत प्रत्येकी 1,044. टोल आणि डिपॉझिट वेगळे! जाहिरातीत दिसतो तो फक्त 2,400 चा आकडा.

करारात तीन गोष्टी नक्की वाचा: अपघातात तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार, करारात नाव नसलेल्या मित्राने चालवली तर काय, आणि गाडी राज्याबाहेर नेता येते का. आमच्याकडे तिसरी अट फार महत्त्वाची, कारण गुजरात आणि दादरा नगर हवेली, दोन्हीच्या हद्दी हाकेच्या अंतरावर आहेत. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे फोटो, मीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा मोबाइलवर टिपून ठेवा.

आणि रस्ता

अनोळखी गाडी, अनोळखी रस्ता. चारोटीला हायवे सोडून कासामार्गे सायवनकडे वळलात की रस्ता अरुंद होतो. त्यावर गुरे असतात, शाळेची पोरे असतात. इथे आपले मेकॅनिक्स कामी येते. घर्षण गुणांक 0.7 धरला तर ताशी 40 किमीला ब्रेक लावल्यावर गाडी सुमारे 9 मीटरमध्ये थांबते, 80 ला 36 मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट! त्यात एक सेकंद विचार करण्यात गेला की आणखी 22 मीटर. पावसात घर्षण कमी, म्हणजे अंतर त्याहून जास्त.

मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावायचा. 4 सप्टेंबर 2022 रोजी याच चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. त्यात मागे बसलेले दोघे गेले. दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता. गाडी महागडी होती, सुरक्षित मानली जाणारी होती.

वय बसत नसेल किंवा हिशोब जमत नसेल तर नाराज होऊ नका. 2013 पासून डहाणू रोडपर्यंत लोकल येते, पुढे एसटी आणि जीप आहेतच. गाडीने या किंवा लोकलने या, पण सुखरूप या. यात्रेला भेटूच!