ऱ्हासशील संस्कृतीचा नायक : मूरकॉकचा एल्रिक

'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या आपल्या परिचयाच्या आहेत. त्यांत संकटे कितीही आली तरी अखेरीस सज्जनांचे कल्याण होते आणि विस्कटलेली घडी पुन्हा बसते. विसाव्या शतकातील इंग्रजी वीर-अद्भुतिकेत याच्या नेमकी उलट जाणारी एक धारा आढळते. तीत संस्कृती सावरत नाही. ती बुडते, आणि तिला बुडविणारा तिचाच वंशज असतो.

या धारेचे वेगळेपण कळण्यासाठी प्रथम रॉबर्ट ई. हॉवर्ड याच्या कॉननकडे पाहावे लागते. १९३२ मध्ये 'विअर्ड टेल्स' या अमेरिकी मासिकात अवतरलेला कॉनन हा धिप्पाड, रानटी वीर. भोवतालची नगरे जुनी, श्रीमंत आणि आतून किडलेली; तो मात्र बाहेरून आलेला, म्हणून निरोगी. ऱ्हास ही त्याच्या पराक्रमाची केवळ पार्श्वभूमी ठरते, तो त्याच्या अंगाला चिकटत नाही.

मायकेल मूरकॉक या तरुण इंग्रज लेखकाने हे चित्र उलटे केले. 'सायन्स फँटसी' या ब्रिटिश नियतकालिकात १९६१ मध्ये त्याची 'द ड्रीमिंग सिटी' ही कथा प्रसिद्ध झाली. तिचा नायक एल्रिक हा दहा हजार वर्षे जगावर सत्ता गाजविलेल्या मेलनिबोने या साम्राज्याचा अखेरचा सम्राट. वर्णहीन त्वचा, तांबडे डोळे आणि इतकी क्षीण प्रकृती, की औषधी वा जादू यांच्या आधाराविना उभेही राहता येऊ नये. साम्राज्याचे वार्धक्य लेखकाने थेट नायकाच्या रक्तात उतरविले आहे.

एल्रिकला बळ मिळते ते 'स्टॉर्मब्रिंगर' या काळ्या तलवारीतून. ती ज्याला मारते त्याचा आत्मा पिते आणि त्यातील शक्ती आपल्या धन्याला देते. ही कल्पना केवळ चमत्कार म्हणून वाचून सोडून देऊ नये. इतरांच्या प्राणांवर जगणे हीच मेलनिबोनेची रीत होती. तलवार म्हणजे मुठीत मावणारे तेच साम्राज्य होय. एल्रिकला आपल्या पूर्वजांच्या क्रौर्याची किळस येते, तो विवेकी आहे, वाचन-चिंतनात रमणारा आहे. तरीही श्वास घ्यायचा तर त्याला त्याच मार्गाने जावे लागते.

कथेत सिंहासन बळकावणाऱ्या इरकून या चुलतभावाविरुद्ध एल्रिक परक्यांचे आरमार घेऊन स्वतःच्याच इमरिर नगरीवर चालून येतो. नगरी जळते. जिच्या सुटकेसाठी तो आला, ती प्रेयसी सिमोरिल त्याच्याच तलवारीवर प्राण सोडते. परतताना पाठलाग होतो, तेव्हा सोबत्यांना मागे टाकून तो निसटतो. मग उद्वेगाने तलवार समुद्रात भिरकावतो. आणि पुन्हा तिच्याकडेच वळतो. हे वळणे, माझ्या मते, संपूर्ण कथेचा गाभा आहे. नगरदहनाचे वर्णन त्यापुढे दुय्यम वाटते. 'स्टॉर्मब्रिंगर' (१९६५) या पुस्तकाच्या शेवटी ती तलवार एल्रिकचाही बळी घेते.

उत्तरपत्रिकेत एल्रिकला 'दैवाने छळलेला शोकात्म नायक' म्हणून मोकळे होण्याचा मोह पुष्कळांना होतो. तसे लिहिल्यास त्याने मारलेल्यांचा हिशेब कोठे मांडायचा? त्याचे दुःख खरे आहे, पण ते दुःख इतरांच्या मृत्यूवर पोसलेले आहे. वाचकाची सहानुभूती मिळवायची आणि ती मिळताच तिला अस्वस्थ करायचे, ही मूरकॉकची खरी करामत. वाक्यरचनेचा भडकपणा, घाईने गुंडाळलेले प्रसंग हे त्याच्या आरंभीच्या लेखनातील दोष मात्र झाकण्याचे कारण नाही.

येथे महाभारतातील मौसलपर्व आठवावे. यादव परस्परांना मारतात, द्वारका समुद्रात बुडते आणि अर्जुनाला गांडीव चढविणेही जड जाते. तेथे युग संपताना शस्त्राचे तेज ओसरते. एल्रिकच्या कथेत सारे संपत असता शस्त्र तेवढे बलवान होत जाते.

स्वाध्याय : गांडीव आणि स्टॉर्मब्रिंगर या दोन शस्त्रांच्या आधारे, संस्कृतीच्या ऱ्हासाची जबाबदारी या दोन कथा कोणावर टाकतात, याची चर्चा करा.