इंग्रजीतील कंपवाचक क्रियापदे

इयत्ता नववीच्या निबंधाच्या वह्या तपासताना एका विद्यार्थ्याच्या वाक्यावर आम्ही लाल शाई चालवली होती. विषय होता 'वसतिगृहातील पहिली रात्र'. त्याने लिहिले होते, 'आय वॉज शिव्हरिंग ऑल नाइट.' घर सोडून आलेले मूल रात्रभर कापते ते भीतीनेच, असे गृहीत धरून आम्ही 'शिव्हरिंग' खोडले आणि वर 'ट्रेम्बलिंग' लिहिले. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "सर, त्या रात्री माझ्याकडे पांघरूण नव्हतं." त्याचा शब्द अचूक होता, चूक आमची होती.

ही क्रियापदे आपल्याला अवघड वाटतात, त्याचे कारण मराठीचे दारिद्र्य नव्हे. मराठी माणूस थंडीने कुडकुडतो, भीतीने लटपटतो, स्पर्शाने शहारतो, वाईट बातमीने हादरतो; टेबल डुगडुगते आणि सत्ता डळमळते. अडचण शब्दकोशाची आहे. तेथे अनेक इंग्रजी शब्दांसमोर 'थरथरणे, कापणे' एवढेच छापलेले असते आणि विद्यार्थी कोणताही शब्द कोठेही बसवतो.

यांतील सर्वांत व्यापक शब्द 'शेक'. त्याची रूपे 'शेक, शुक, शेकन' अशी होतात. 'शेक्ड' असे रूप नाही. मराठीत झाड हलते आणि मुलगा झाड हलवतो, अशी दोन निराळी क्रियापदे लागतात. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'शेक' चालते. ही सवलत मात्र 'ट्रेम्बल', 'शिव्हर', 'शडर' आणि 'क्वेक' यांना नाही. ती अकर्मक आहेत. 'ही ट्रेम्बल्ड द ट्री' असे वाक्य होऊच शकत नाही. कंप ज्याला सुटतो तोच तेथे कर्ता असतो. जाता जाता आणखी एक सांगावयाचे, 'शेक वन्स हेड' म्हणजे नकार देणे. होकारासाठी 'नॉड' आहे. आपल्याकडे मान डोलावण्याचे इतके प्रकार आहेत की हा गोंधळ वर्गात दरवर्षी होतो.

'ट्रेम्बल' हा मनातून शरीरात उतरलेला कंप: भय, क्रोध, उत्कंठा. अशक्तपणानेही माणूस 'ट्रेम्बल' होतो. 'शिव्हर' प्रथम थंडीचे आणि हिवतापाच्या हुडहुडीचे. भीतीसाठीही ते येते, पण पाठीच्या कण्यातून शिरशिरी जावी तसे. 'शडर' म्हणजे एकदाच, जोराने, सर्वांगाने शहारणे. किळस किंवा भयंकर कल्पना हे त्याचे कारण. 'क्विव्हर' सूक्ष्म आहे. रडू येण्यापूर्वी ओठ जसा हलतो, आवाज जसा भरून येतो, ते 'क्विव्हर'. मोबाइल आणि वीणेची तार यांना 'व्हायब्रेट' शोभते. वक्तृत्व स्पर्धेत 'माझा आवाज व्हायब्रेट होत होता' असे लिहिणाऱ्याला भीती सांगायची असते, पण वाचकाला यंत्र दिसते.

या कारणांआधी बहुधा 'विथ' येते: 'शिव्हर विथ कोल्ड', 'ट्रेम्बल विथ अँगर'. 'शडर'नंतर विचार किंवा दृश्य आले तर 'अ‍ॅट'. मराठीतील 'मुळे' डोक्यात ठेवून मुले सर्रास 'बिकॉज ऑफ' लिहितात. ते चूक नाही, पण परके वाटते.

'क्वेक' आपल्याला 'अर्थक्वेक'मुळे ठाऊक आहे. इंग्लंडमधील क्वेकर पंथाचे नावही याच शब्दातून आले. 1650 मध्ये डर्बी येथे जॉर्ज फॉक्स यांनी न्यायाधीशाला, ईश्वराच्या वचनापुढे कंप पाव, असे सुनावले; न्यायाधीशाने चेष्टेने त्यांनाच 'क्वेकर' म्हटले आणि ते नाव टिकले.

इंग्रज माणूस 'अ‍ॅस्पेनच्या पानासारखा थरथरतो' असे म्हणतो. या झाडाच्या पानाचा देठ चपटा असल्याने मंद वाऱ्यातही पान हलते. त्याचे शास्त्रीय नावच 'पॉप्युलस ट्रेम्युला'. आपल्याला हे दृश्य पाहण्यास युरोपात जावयास नको. पिंपळाचे लांब देठाचे पान तसेच हलते, आणि अमरकोशाने त्याची 'बोधिद्रुम' व 'चलदल' ही नावे शेजारी-शेजारी दिली आहेत. ज्या वृक्षाखाली चित्त निष्कंप झाले, त्याची पाने मात्र क्षणभर स्थिर नसतात.

आपण वंदनेत मंगलसुत्त म्हणतो. लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-प्रशंसा आणि सुख-दुःख यांच्या स्पर्शानेही ज्याचे चित्त 'कम्पति' होत नाही, असा त्यात उल्लेख आहे. या 'कम्पति'ला इंग्रजीत काय म्हणावे, हा प्रश्न आम्ही यंदा वर्गापुढे ठेवला. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' इंग्रजीत लिहिला; तो मुळातून वाचू इच्छिणाऱ्याने असे शब्द तोलून पाहिलेच पाहिजेत. 'शिव्हर' सर्वांनी लगेच बाजूला केले. 'ट्रेम्बल'वर वाद झाला, कारण त्यात भीतीची छटा अधिक, आणि प्रशंसेने किंवा लाभाने कोणी भीत नाही. 'शेक' कारण सांगत नाही, म्हणून 'अनशेकन' हा शब्द बहुतेकांना पटला. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने तेवढ्यात 'वेव्हर' सुचवला: वाऱ्याने दिव्याची ज्योत हेलकावते तसे. तो आम्हाला सुचला नव्हता.