एसएमपीएस आधी, बाकी मागून

पोरी, एटापल्लीत सेवा केंद्र टाकतेस आणि कॉम्प्युटर जोडून घ्यायला नागपूरला बर्डीवर जाणार आहेस, तर दुकानाची पायरी चढण्याआधी एवढं ऐकून ठेव. प्रोसेसर, रॅम, एसएसडी हे सगळं दुकानदार तुला नीट समजावून सांगेल. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, आणि कॅबिनेट यांची पाळी आली की म्हणेल, "ते कॉम्बोत येते ताई, साडेचारशे वॅटचं आहे." तिथंच त्याला थांबव. आपल्या भागात मशीन बसते ती बरेचदा या दोन वस्तूंपायी, आणि हलका एसएमपीएस जळताना कधीकधी मदरबोर्डलाही घेऊन जातो. मग तुला पुन्हा नागपूर गाठावं लागणार, आणि इकडे ऐन जून महिन्यात जातीच्या, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेली पोरं हात हलवत परत जाणार.

आधी एसएमपीएसचा डबा हातात घेऊन वजन बघ. आत तांबं, कॉइल, हीटसिंक असेल तर तो जड लागतोच. मग बाजूचं स्टिकर वाच. मोठ्या अक्षरातला ४५० सोडून दे, खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघ आणि त्याला १२ नं गुण. कॉम्बोतल्या डब्यावर १४-१५ अँपिअर दिसतील, म्हणजे जेमतेम १७०-१८० वॅट. खऱ्या ४५० च्या डब्यावर हाच आकडा ३४ च्या पुढं असतो. प्रोसेसर काय नि ग्राफिक्स कार्ड काय, आजची मशीन जवळजवळ सगळी १२ व्होल्टवरच चालते, त्यामुळं बाकीचे रकाने बघून वॅट मोजू नको.

तुझ्या कामाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. फॉर्म भरणं, स्कॅन, ब्राउझर यात मशीन शंभर वॅटच्या आसपासच राहते. म्हणून ७५० वॅटच्या नादी लागू नको. चांगल्या कंपनीचा ४५० पुष्कळ झाला. उरलेले पैसे यूपीएसात घाल.

आता आपल्या मुलखाचं. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं, राज्यातलं सगळ्यात मोठ्यांपैकी एक. पण तिथून निघालेली वीज एटापल्ली-भामरागडाकडं येते ती साग-बांबूच्या रानातून, लांबच लांब लाईनीवरून. शेवटच्या टोकाला संध्याकाळी बल्ब पिवळा पडतो हे तू पाहिलंच आहेस. म्हणून स्टिकरवर इनपुटच्या पुढं काय छापलंय ते वाच. "२००–२४०" असेल तर डीम व्होल्टेजला तो मशीन सोडून देईल. "१००–२४०" घे. त्यात ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं, त्यामुळं १६०-१७० व्होल्टलाही तो कुरकुर करत नाही. मागच्या बाजूला ११५/२३० चं लाल बटण असलेला डबा मात्र दुकानातच ठेव.

बरेच जण येऊन सांगतात की यूपीएस आहे, बॅटरी नवी आहे, तरी लाईन गेली की मशीन रिस्टार्ट होते. यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ एसएमपीएसनं स्वतःच्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर मशीन तगवायची असते. चांगला डबा पूर्ण लोडवरही १६ मिलिसेकंदांच्या आसपास तग धरतो. हलका त्याआधीच हात टेकतो. दोष एसएमपीएसचा असतो आणि लोक बॅटरी बदलत बसतात. ॲक्टिव्ह पीएफसीचे काही डबे स्वस्त यूपीएसशी जुळत नाहीत हेही खरं, म्हणून दोन्ही दुकानातच जोडून बघ. मशीन चालू असताना यूपीएसचा प्लग काढायला लाव. ६०० व्हीएच्या यूपीएसवर साधारण ३६० वॅट येतात, तेवढे तुला बास. लेझर प्रिंटर मात्र त्यावर कधी लावू नको. तापताना तो एका दमात इतकी वीज ओढतो की यूपीएस बसलाच समज.

उन्हाचंही ऐक. डब्यावर ८० प्लसचा, म्हणजे वीज कमी वाया घालवण्याचा, शिक्का असणं चांगलंच, पण ती चाचणी २३ अंशांच्या खोलीत होते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि तुझ्या केंद्रावर टिनाचं छप्पर आहे. म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकात ४० किंवा ५० अंशांना पूर्ण वॅट देतो असं लिहिलंय का ते बघ, आणि आतले कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत का ते विचार. दर दहा अंश वाढीमागं कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

कॅबिनेट घेताना समोर काच नको, जाळी हवी. जाळीमागं काढून धुता येईल असा फिल्टर, समोर दोन पंखे हवा आत ओढणारे आणि मागं एक बाहेर फेकणारा. आत येणारी हवा जास्त राहिली की फटीफटीतून धूळ शिरत नाही. चंद्रपूर-घुग्घुसकडं कोळशाची काळी भुकटी, तुझ्याकडं लोहखनिजाच्या ट्रकांची लाल धूळ. कोळशाची जास्त वाईट, कारण ओल धरली की ती वीज वाहून नेते. त्यात आपल्याकडं कूलर. कूलरचा झोत कॅबिनेटवर सरळ येऊ देऊ नको. त्या दमट हवेनं आतल्या धुळीचा लगदा होतो. कूलरची मोटर आणि कॉम्प्युटर एका बोर्डावरही नको.

मागच्या बाजूच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या सगळ्या लागल्यात ना ते मोजून घे. उघड्या फटीतून मुंग्या, झुरळं आणि पाल आत जाते. पाल बोर्डावर चिकटून शॉर्ट झालेली मशीन मी दुकानात उघडून पाहिली आहे. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नको, एसएमपीएसचा पंखा खालून हवा ओढतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मशीन खराब आहे असं समजू नको. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडा करंट पत्र्यावर येतो, तो अर्थिंगनं जमिनीत जायला हवा. अर्थिंगच नसेल तर शंभर-सव्वाशे व्होल्ट पत्र्यावर उभे राहतात. चप्पल घालून काम चालवू नको, वायरमनला बोलावून खड्डा करून घे. पावसाळ्यापूर्वीच कर. आणि वीज कडकडू लागली की प्लगसोबत इंटरनेटची वायरही काढ, नुसता प्लग काढून भागत नाही.

एसएमपीएस स्वतः कधी उघडू नको, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. बाहेरून ब्लोअर मार, पंख्याचं पातं बोटानं धरून.

बिल करताना "कॅबिनेट विथ एसएमपीएस" असं एका ओळीत लिहू देऊ नको. एसएमपीएसचं मॉडेल आणि सिरियल नंबर वेगळ्या ओळीत लिहून घे, वॉरंटी तीन वर्षांची की पाच ते शिक्क्यासह मांडायला लाव, आणि खोका जपून ठेव. बदलून घ्यायला पाठवायचा झाला तर तोच लागेल.