पदवी हाती असताना परिचारिकेचे शिक्षण

वाचावयाचा भाग : लूक १४:२८-३०



आमच्या मंडळीतील एक भगिनी बी.कॉम. होऊन बारा वर्षे एका दुकानाचे हिशेब लिहीत होत्या. आईच्या दीर्घ आजारात त्यांनी रात्रंदिवस शुश्रूषा केली, आणि तेव्हापासून परिचारिका होण्याचे त्यांच्या मनाने घेतले. सल्ला विचारण्यास त्या आमच्याकडे आल्या. "तुम्ही पदवीधर आहात, तुम्हांला एखादे वर्ष माफ होईल," असे आम्ही बोलून गेलो. आमचे म्हणणे चुकीचे होते. पदवीधरांसाठी वेगळी वाट शोधण्यात त्यांची अर्जाची मुदत निघून गेली. तेहतिसाव्या वर्षी एक वर्ष गमावणे ही लहान गोष्ट नव्हे. त्या चुकीतून आम्ही जे शिकलो, ते या पाठात मांडीत आहोत.

वाट बदलणारे पूर्वीही होते

आल्बर्ट श्वाइट्झर यांनी तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान यांत पदव्या मिळविल्यावर १९०५ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, वैद्यकीय शिक्षण आरंभिले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांच्या पत्नी हेलेन यांची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. त्यांनी शिक्षिकेची परीक्षा दिलेली होती व स्ट्रासबर्ग शहरात अनाथ मुलांच्या देखरेखीचे काम त्या करीत असत. ते सोडून त्यांनी परिचर्येचे शिक्षण घेतले. १९१३ साली आफ्रिकेतील लांबारेने येथे गेल्यावर शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याचे काम त्यांच्याकडे असे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही १८५१ साली जर्मनीतील कैझरस्वर्थच्या प्रॉटेस्टंट सेविकाश्रमात शिक्षण घेतले, तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या.

आधी बसून हिशेब करावा

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याचा दाखला प्रभूने दिला, तो येथे उपयोगी आहे. आपल्या देशातील स्थिती अशी आहे :

१. प्रवेशासाठी मुख्यतः बारावीची गुणपत्रिका पाहिली जाते. बी.ए. किंवा बी.कॉम. झाल्याने अभ्यासक्रमाचे वर्ष कमी होत नाही.

२. बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात.

३. जी.एन.एम. हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. बारावीला कला किंवा वाणिज्य शाखा घेतलेल्यांनाही तो खुला आहे. मात्र इंग्रजीसह उत्तीर्ण व्हावे लागते. वयाची वरची मर्यादा सर्वसाधारणपणे ३५ वर्षे आहे. म्हणून तिशी ओलांडलेल्यांनी हे प्रथम पाहावे.

४. जी.एन.एम. व नोंदणी झाल्यावर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम करून नर्सिंगची पदवी घेता येते.

प्रवेश परीक्षा, आरक्षण व मुदती राज्याराज्यांत निराळ्या असतात. बेळगावच्या उमेदवाराने महाराष्ट्रातील किंवा इंदूरच्या उमेदवाराने गुजरातेतील नियम गृहीत धरू नयेत. ज्या राज्यात शिकावयाचे, तेथील नर्सिंग कौन्सिलची मान्यता त्या संस्थेला आहे की नाही, हे शुल्क भरण्यापूर्वीच पाहावे. मान्यता नसलेल्या संस्थेत शिकल्यास पुढे परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही, व पैसा आणि वर्षे दोन्ही जातात.

पैशाखेरीज दुसराही हिशेब आहे. तीन-चार वर्षे पगार नसेल. अठरा वर्षांच्या मुलींबरोबर बाकावर बसावे लागेल. रात्रपाळी करावी लागेल. मलमूत्राची भांडी उचलावी लागतील. घरी लेकरे असल्यास त्यांना कोण पाहील? अर्ज करण्यापूर्वी काही दिवस एखाद्या रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात सेवा करून पाहावी, म्हणजे आपल्या मनाची परीक्षा होते.

जुने शिक्षण वाया जाते काय?

नाही. शिक्षकाला रुग्णाची समजूत घालता येते. हिशेबनिसाला नोंदी काटेकोर ठेवण्याची सवय असते, आणि औषधाची मात्रा व वेळ लिहिताना तीच सवय कामी येते. मुलाखतीत "तुम्ही आता का आलात?" असे विचारतील. तेव्हा सेवेविषयी मोठमोठे शब्द न वापरता, आपण कोणाची शुश्रूषा केली व त्यातून काय उमगले, ते साधेपणाने सांगावे.

त्या भगिनींना पुढच्या वर्षी, चौतिसाव्या वर्षी, जी.एन.एम.ला प्रवेश मिळाला. रात्रपाळी जड जाते, असे त्या सांगतात. पण परत हिशेबाच्या वहीकडे वळावे असे त्यांना वाटत नाही. आम्ही मात्र एक धडा घेतला : कोणी सल्ला विचारला, तर आधी चौकशी करावी व मग तोंड उघडावे.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. कोणी तिशीनंतर नवे शिक्षण घेऊ म्हटले, तर आपण प्रथम काय बोलतो?

२. मंडळीतील अशा विद्यार्थ्याच्या लेकरांना सांभाळण्यास आपल्यापैकी कोण पुढे येईल?

३. हे काम फक्त स्त्रियांचे, असे आपण आपल्या मुलग्यांना नकळत शिकवितो काय?