चिकटवही

उन्हाळ्याच्या सुटीचे दिवस होते. दुपारची जेवणे आटोपली होती. सातवीची परीक्षा देऊन मोकळी झालेली ताई आणि तिचा पाच वर्षांचा धाकटा भाऊ माजघरात कागदांचा पसारा मांडून बसली होती. पिंपळाची वाळलेली पाने, एस. टी.ची तिकिटे, काड्यापेट्यांवरील चित्रे, रंगीत कागद असे कितीतरी धन छोट्याने वर्षभर साठविले होते. त्याची एक चिकटवही करावी, असा दोघांचा बेत होता. पहिल्या पानावर आजीचे छायाचित्र लावायचे, हा छोट्याचा हट्ट होता. आजीला त्याने कधी पाहिले नव्हते, आणि तिचे घरात हे एकच छायाचित्र होते.

ताईने फडताळातून डिंकाची बाटली, फेविकॉलची डबी आणि चिकटपट्टी काढली. तेवढ्यात छोट्याने सायकलच्या पंक्चरसाठी ठेवलेली रबर सोल्यूशनची नळी उचलली आणि टोपण दातांनी उघडू लागला.

"थांब, बाळ!" झोपाळ्यावर बसलेले आजोबा एकदम उठले. त्यांनी नळी काढून घेतली व उंच फळीवर ठेवली. आजोबांनी चाळीस वर्षे पुस्तकबांधणीचा व्यवसाय केला होता. कागद आणि खळ यांच्याशी त्यांचा जन्माचा स्नेह होता.

"आजोबा, मग चिकटवायचे तरी कशाने?" ताईने विचारले.

"ते ठरविण्याआधी तीन प्रश्न विचारावेत," आजोबा म्हणाले. "चिकटविणारा कोण? चिकटवायचे काय? आणि ते किती दिवस टिकावयास हवे?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर समोरच बसले होते. पाच वर्षांच्या मुलाचे बोट केव्हा तोंडात जाईल याचा नेम नसतो. रबर सोल्यूशनमधील द्रावकाची वाफ नाकात जाणे वाईट, आणि ते चटकन पेटही घेते. क्षणात चिकटणाऱ्या गोंदाने कातडीला कातडी जोडली जाते. म्हणून तोही लहान मुलाच्या हाती देऊ नये. पूर्वी पुस्तक बांधणारे कारागीर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत. मोरचूद विषारी आहे. अशी खळ मुलांच्या खेळात कधीही वापरू नये.

"आता काय चिकटवायचे ते पाहू," असे म्हणून आजोबा कागदांजवळ बसले. कागद म्हणजे वनस्पतींच्या सूक्ष्म तंतूंचे जाळे. ओले पदार्थ लावले की हे तंतू पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आकसतात. त्यामुळे पातळ कागदाला सुरकुत्या पडतात. अशा कागदासाठी कमी पाणी असलेली गोंदकांडी सोयीची. ओठाला लावण्याच्या रंगाच्या कांडीवरून ही कल्पना सुचली आणि 1969 मध्ये जर्मनीतील हेंकेल कंपनीने अशी कांडी प्रथम बाजारात आणली. जाड पुठ्ठा किंवा ताठ पान यांना मात्र अधिक बळकट पकड हवी. तेथे फेविकॉल उपयोगी पडतो. तो 1959 पासून आपल्याकडे मिळू लागला. रासायनिक राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असल्यामुळे तो दुधासारखा पांढरा दिसतो. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांत मिसळून पारदर्शक थर बनतो. परंतु एकदा वाळला की तो सहजासहजी सुटत नाही.

"सुटत नाही हे चांगलेच ना?" ताईने विचारले.

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी पेटीतून एक जुनी चिकटवही काढली. ती ताईच्या वडिलांनी लहानपणी केलेली होती. एका पानावरील चित्रे चिकटपट्टीने लावली होती. पट्टी केव्हाच गळून पडली होती आणि तिच्या जागी पिवळे-तांबूस डाग राहिले होते. दुसऱ्या पानावर खळ वापरली होती. चित्रे घट्ट होती, पण कडेला कसरीने बारीक नक्षी कोरली होती. कारण खळीतील पीठ हे किड्यांचे आवडते खाद्य आहे.

तिसऱ्या पानावर एक पोस्टकार्ड होते. पत्ता वर होता, मजकूर खाली.

"हे तुमच्या आजीने माहेराहून मला धाडलेले पत्र," आजोबा म्हणाले. "तुझ्या बाबाला त्यावरील छापील तिकीट आवडले. त्याने सारी पाठ डिंकाने माखून ते येथे लावून टाकले. तो तेव्हा सहा वर्षांचा होता. मीच डिंकाची बाटली त्याला दिली होती."

"डिंक पाण्यात विरघळतो ना? मग ओले करून सोडवता येईल," ताई म्हणाली.

"डिंक विरघळेल, पण शाईसुद्धा विरघळेल. एकदा ओलसर कापसाने मी कोपरा सोडवून पाहिला. दोन अक्षरे पसरली. मग हात आवरला. पत्रात काय होते, ते मला आता अर्धेच आठवते."

माजघरात क्षणभर शांतता पसरली. छोट्याने आजीचे छायाचित्र हळूच उचलले आणि आजोबांच्या हातात दिले.

मग काम सुरू झाले. ताईने एक वाटी मैदा घेतला. थोड्या गार पाण्यात तो गुठळी न राहता कालवला, नंतर पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळीत ठेवला. थोड्या वेळाने पांढरे पाणी दाट व काहीसे पारदर्शक होऊ लागले. उष्णतेने पिठातील पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात व फुटतात, आणि त्यामुळे चिकटपणा येतो, हे आजोबांनी समजावून सांगितले. खळ निवल्यावर छोट्याने बोटांनी ती तिकिटांना व चित्रांना पातळसर लावली. त्याने एकदा बोट चाटूनही पाहिले आणि तोंड वाकडे केले; पण त्यात भिण्यासारखे काही नव्हते. पिंपळाची पाने ताईने स्वतः फेविकॉलच्या थेंबांनी बसविली. भरलेल्या पानांमध्ये कोरे कागद घालून वहीवर जड शब्दकोश ठेवला, म्हणजे वाळताना पाने वाकडी होऊ नयेत. उरलेली खळ दोन-तीन दिवसांत आंबेल, म्हणून टाकून दिली.

"आणि आजी?" छोट्याने विचारले.

आजोबांनी जाड कागदाचे चार लहान त्रिकोणी खिसे घडी घालून केले. खळ फक्त खिशांना लावली, छायाचित्राला नाही. दुसऱ्या दिवशी खिसे चांगले वाळल्यावर छायाचित्राचे चारही कोपरे त्यांत अलगद सरकविले. छायाचित्र नीट बसले, आणि हवे तेव्हा बाहेर निघेल असेही झाले.

छोट्याने ते लगेच बाहेर काढून उलटे केले. पाठीवर निळ्या शाईत दोन ओळी होत्या.

"हे कोणाचे अक्षर?" त्याने विचारले.

"तुझ्या आजीचे," आजोबा म्हणाले, आणि त्याला मांडीवर घेऊन त्या ओळी वाचून दाखवू लागले.

शब्दार्थ
फडताळ – भिंतीतील कपाट
कसर – कागद खाणारी कीड
मोरचूद – तांब्यापासून होणारा निळा विषारी क्षार
खळ – पीठ शिजवून केलेला चिकट पदार्थ
पिष्ट – धान्यातील पिठूळ अंश

स्वाध्याय
1. चिकटविण्यापूर्वी कोणते तीन प्रश्न विचारावेत असे आजोबा म्हणाले?
2. डिंक पाण्यात विरघळत असूनही पोस्टकार्ड का सोडविता आले नाही?
3. छायाचित्राला खळ न लावता ते वहीत कसे बसविले?
4. 'हात आवरणे', 'तोंड वाकडे करणे' या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
5. घरातील एखाद्या जुन्या पत्राविषयी वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.